आठव्या ओळीवर ‘बोलतोय’

१

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा टीव्ही आहे, पण त्यावर बातम्या नाहीत की मॅच नाही. नुसत्या अकरा ओळी. एका ओळीवर एक मेकॅनिक. आधी त्याचं नाव, मग रेंजच्या चार काड्या आणि शेवटी तीनपैकी एक शब्द: ‘मोकळा’, ‘वाजतोय’ किंवा ‘बोलतोय’. म्हणजे त्याचा फोन नुसता पडून आहे, त्यावर कॉल येतोय, की कॉल चालू आहे. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत मी त्या ओळींवर डोळे लावून बसते. आमचा सगळ्यात उंच मेकॅनिक, ज्याला सगळे लंबू म्हणतात, तो मला ‘वॉर्डन’ म्हणतो. म्हणू दे.

आमचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. मेकॅनिक एकेकटे जातात. कधी गच्चीवरच्या मशीन रूममध्ये, कधी शाफ्टच्या अगदी तळाच्या खड्ड्यात. लिफ्ट जिथवर उतरते त्याच्याही खाली दीड-दोन मीटर हा खड्डा असतो. चारी बाजूंनी काँक्रीट, त्यामुळे तिथे रेंज मरते आणि टीव्हीवरची ओळ राखाडी होते. तिथे कोणी पडला तर त्याची हाक वर पोचत नाही आणि फोनही लागत नाही. म्हणून मी हे ॲप बनवलं. ओळ वीस मिनिटं राखाडी राहिली, की ऑफिसात भोंगा वाजतो. मग खड्ड्यातल्या माणसाने दर पंधरा मिनिटांनी डोकं वर काढायचं, असा नियमही आला. सगळे मला शिव्या घालत तो पाळतात.

साहेबांना मी सांगितलं की हे अकराही जणांसाठी आहे. ते अर्धंच खरं. आठवी ओळ माझ्या दादाची आहे. आई-बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तो एकोणीसचा. त्याने कॉलेज सोडलं, हातात पाना घेतला आणि मला वाढवलं. घरात आम्ही दोघंच. त्याला काही झालं तर मला कोणी उरत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी येड्यासारखी का वागले ते समजावत बसायला नको.

त्या ॲपमध्ये एक चूक होती आणि ती माझीच होती. काही जुन्या फोनवर कॉल चालू असला की इंटरनेट बंद पडतं. मग माणूस मशीन रूममध्ये पाय पसरून बायकोशी गप्पा मारत असायचा आणि इकडे आमचा भोंगा बोंबलायचा. पहिल्या आठवड्यात साहेब तीनदा जेवण सोडून धावले. म्हणून मी एक ओळीचा कोड टाकला: शेवटची अवस्था ‘बोलतोय’ असेल तर भोंगा वाजवायचा नाही. बोलणारा माणूस जिवंत असतो, एवढं साधं गणित. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

२

मंगळवारी अकरा वाजता दादाचा मेसेज आला: ‘खाली उतरतोय.’ बँकेसमोरच्या नऊ मजली इमारतीचं काम त्याच्याकडे होतं. खड्ड्यात पाणी झिरपायचं, तिथले स्विच आणि स्प्रिंग बदलायचे होते. एकूण तीन आठवड्यांचं काम. आठवी ओळ राखाडी झाली. मी घड्याळ बघितलं आणि चहा ओतून घेतला.

वर बघते तर ओळ पुन्हा पांढरी. रेंजची एकही काडी नाही आणि शब्द ‘वाजतोय’. मग ‘बोलतोय’.

मी कप खाली ठेवला. रेंज नसताना कॉल येत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मला खटकलं ते वेगळंच. रेंज नाही ही बातमी माझ्यापर्यंत पोचायलाही रेंज लागते. ओळ राखाडीच राहायला हवी होती. ती पांढरी होऊन मला सांगत होती की मी बोलू शकत नाही, पण बोलतोय.

चौदा मिनिटं ‘बोलतोय’ होतं. मग ‘मोकळा’, मग राखाडी, मग चार काड्या आणि दादाचा मेसेज: ‘वर आलो, वॉर्डनबाई.’

संध्याकाळी घरी तो हात धूत असताना मी विचारलं, “सकाळी खड्ड्यातून कोणाशी एवढ्या गप्पा चालल्या होत्या?”

“खड्ड्यात? तिथे रेंज कुठली?”

“कॉल आला होता तुला. चौदा मिनिटं.”

त्याने ओल्या हातानेच फोन माझ्यापुढे सरकवला. “बघ. आणि कोणी मुलगी सापडली त्यात तर मलाही सांग, चिमणे. मी कधीचा शोधतोय.”

कॉलच्या यादीत सकाळी साडेनऊनंतर थेट दुपारी दोनचा कॉल होता. मध्ये काही नव्हतं.

३

मला भुतंखेतं समजत नाहीत. बिघाड समजतात. बिघाडाला कारण असतं, आणि कारण बहुतेक वेळा मीच असते.

मी यादी केली. कधी कधी कॉल संपतो पण फोन ते ॲपला सांगायला विसरतो, आणि अवस्था ‘बोलतोय’वरच अडकते. दादाचा फोन बंद करून चालू केला. दोन सिम असली की एकाची अवस्था दुसऱ्याच्या नावावर पडते. एक सिम काढून टाकलं. इंटरनेटवरून कॉल करणारी दोन ॲप होती, ती उडवली. परवानग्या काढून पुन्हा दिल्या. माझ्याच कोडमध्ये एक ऐकणारा तुकडा दोनदा जोडलेला सापडला. एकच फोन दोन कानांनी ऐकल्यासारखं झालं होतं. तो काढला आणि तासभर मी अगदी हवेत होते. टेबलावर ठेवून वीस वेळा कॉल केले. वाजतोय, बोलतोय, मोकळा. एकदम शहाण्या बाळासारखं.

बुधवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी आठवी ओळ पुन्हा पांढरी झाली. काड्या शून्य. वाजतोय. बोलतोय. अकरा मिनिटं.

इमारतीत वायफाय असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुपारी स्वतः जाऊन तळमजल्यावर फोन धरून फिरले. पहारेकऱ्याला वाटलं मी रील काढतेय. वायफाय फक्त चौथ्या मजल्यावर होतं आणि ते पायऱ्यांपर्यंतही पोचत नव्हतं.

गुरुवारी मी दादाला कोरा फोन दिला. नवा, त्यात सिमच नाही. सिमच नसलेल्या फोनवर साधा कॉल येऊ शकत नाही. मी तो दिला तो खात्री करून घ्यायला, आणि खरं सांगायचं तर स्वतःला धीर द्यायला. त्याच्याबरोबर लंबूला पाठवलं, म्हणजे कोऱ्या फोनला इंटरनेट लंबूच्या फोनवरून मिळेल. दोघं खड्ड्यात उतरले, ओळी राखाडी झाल्या आणि राखाडीच राहिल्या. मी सुटकेचा श्वास सोडला. मग लंबूचा मेसेज आला की तो नवा स्विच आणायला गोदामात जातोय.

तो बाहेर पडून चार मिनिटंही झाली नसतील. आठवी ओळ पांढरी झाली. वाजतोय.

मी खुर्चीतून उठून टीव्हीसमोर उभी राहिले, तो शब्द बदलू नये म्हणून. बदलला.

लंबू परत पोचला त्या क्षणी ‘मोकळा’ झाला. मी नंतर वेळा जुळवून बघितल्या. दोघं असले की खड्ड्यात काही नसायचं. दादा एकटा असला की त्याला फोन यायचा. आणि माझा तो एक ओळीचा कोड अजून तसाच होता. दादा तिथे पाय मोडून पडला असता, तरी ओळ म्हणाली असती ‘बोलतोय’ आणि आमचा भोंगा गप्प बसला असता.

४

कॉल ऐकण्याची सोय फोन देत नाही. पण आजूबाजूचा आवाज टिपता येतो. मी दादाला विचारूनच ते ॲपमध्ये घातलं: अवस्था ‘बोलतोय’ झाली की माइक चालू.

“घाल की,” तो म्हणाला. “माझं गाणं तरी ऐकशील. नाहीतर मी गायला लागलो की दार लावून घेतेस.”

शुक्रवारी दादाच्या जुन्याच फोनवरून सोळा मिनिटांची फाइल आली. बाकीचे जेवायला गेले होते. मी हेडफोन लावले.

आधी पाण्याचे थेंब. लोखंडावर पाना घासल्याचा आवाज. दादा खरंच गात होता, नेहमीसारखं अर्धं गाणं आणि अर्धं ‘हं हं’. मग तो मध्येच थांबला. पाना खाली ठेवल्याचा आवाज आला, हळूच ठेवल्यासारखा.

“हॅलो,” दादा म्हणाला.

थेंब पडत राहिले. साताठ थेंब.

“हो, मीच.”

पुन्हा थेंब.

“नाही. एकटाच आलोय आज.”

मी आवाज पूर्ण वाढवला. त्या मधल्या जागेत कोणाचाही आवाज नव्हता. पण ती जागा रिकामी वाटत नव्हती. समोरचा बोलतोय आणि आपण ऐकतोय, तेव्हा माणूस जसा श्वास घेतो तसा दादाचा श्वास येत होता. मध्येच एक बारीक ‘अच्छा’.

“एक बहीण आहे. लहान.”

थेंब.

“चिमणी म्हणतो मी. नाही, लग्न नाही. माझ्याजवळच असते.”

बराच वेळ थेंब. मग दादा हसला. ओळखीच्या माणसाशी हसावं तसं.

“सोमवारी? हो, सोमवारी जमेल. येतो की.”

आणि पुन्हा पाना लोखंडावर घासायला लागला, गाणं सोडलं होतं तिथूनच सुरू झालं. मी हेडफोन काढले. साहेब जेवून आले आणि म्हणाले, “काय गं, ताप आहे का?” मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

रात्री नको म्हणून शनिवारी सकाळी, चांगल्या उजेडात, मी दादाला ते ऐकवलं. तो आधी हसला. म्हणाला, मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं, तूच काहीतरी जोडून आणलंस. मग ‘चिमणी म्हणतो मी’ आलं आणि त्याचं हसू गेलं. शेवटपर्यंत ऐकून त्याने विचारलं, “हा माझाच आवाज आहे?”

“तुझाच आहे, दादा.”

तो उठून खिडकीपाशी गेला. दादाला घाबरलेलं मी तोवर बघितलं नव्हतं. आई-बाबा गेले तेव्हाही नाही.

“पुसून टाक ते,” तो म्हणाला. “आणि साहेबांना सांग, ती इमारत लंबूला दे. सोमवारी मी तिथे पाय ठेवत नाही. बास?”

मी फाइल पुसली नाही. पण त्याच दुपारी तो माझा लाडका कोड काढून टाकला. आता ‘बोलतोय’ असलं तरी वीस मिनिटांनी भोंगा वाजणार होता.

५

सोमवारी साहेबांनी दादाला शहराच्या दुसऱ्या टोकाला, इस्पितळाच्या लिफ्टवर पाठवलं. दहा वाजता आठवी ओळ: चार काड्या, मोकळा. साडेदहाला तेच. मी थोडी सैलावले. पावणेअकराला एका ग्राहकाशी बोलत होते, भांडतच होते म्हणा. फोन ठेवून वर बघितलं तर काड्या गळत होत्या. चार. तीन. एक. राखाडी.

“साहेब, दादा कुठे आहे?”

“अगं, त्या बँकेसमोरच्या इमारतीत कोणीतरी लिफ्टमध्ये अडकलंय म्हणे. तुझ्या दादाचाच फोन आला, की तिथून कॉल आलाय, मी जाऊन येतो. लंबू अजून तिथे पोचला नाही, म्हटलं, जा.” माझा चेहरा बघून ते थांबले. “काय झालं?”

ओळ पांढरी झाली. बोलतोय. या वेळी ‘वाजतोय’ आलंच नाही. म्हणजे या वेळी त्यानेच लावला होता.

मी साहेबांची स्कूटर घेऊन निघाले. विचारून घेतली की नाही ते आठवत नाही. बारा मिनिटांचा रस्ता. इमारतीच्या दारात पहारेकरी निवांत बसला होता.

“आमचा मेकॅनिक कुठेय?”

“आत गेले ना. फोनवर बोलत बोलतच आले, मला हातानेच नमस्कार केला.”

“आणि अडकलेला माणूस?”

“कोण अडकलाय?” तो उठून उभा राहिला. “आम्ही कोणालाच फोन केला नाही, ताई. लिफ्ट दुरुस्तीला बंदच आहे ना तीन आठवड्यांसाठी.”

तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं. आत लिफ्ट नव्हती, ती वर कुठेतरी उभी करून ठेवली होती. दाराच्या चौकटीपलीकडे नुसता अंधार, आणि खालून ओल्या सिमेंटचा वास. खड्ड्यात दिवा लावायची दादाची सवय. तो दिवा दारापाशी बंदच पडला होता. मी चौकटीला धरून वाकले.

“दादा!”

थेंबांचा आवाज. मी पुन्हा हाक मारली. मग शिडी कुरकुरली आणि कोणीतरी वर चढायला लागलं. आधी हात दिसले, मग केस, मग दादाचा चेहरा. मला रडूच फुटलं. मी त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि ओढून बाहेर काढला. तो ओला होता आणि थंड होता, पण पाण्यातून आलेला माणूस थंड असणारच.

“अगं, हो हो,” तो म्हणाला. “आलो ना.”

“फोन कुठेय तुझा?”

तो जरा थांबला. “पडला खाली. राहू दे.”

मी पुन्हा वाकून बघितलं. खाली फोनचा उजेड दिसत होता, निळसर, एवढासा. पडलेला फोन जमिनीवर असतो. तो उजेड जमिनीवर नव्हता. खड्ड्याच्या कोपऱ्यात, माणूस उभा असला तर त्याचा कान जिथे येईल तेवढ्या उंचीवर तो होता, आणि किंचित हलत होता.

दादाने दार ओढून घेतलं. कुलूप लावलं. भिंतीत कुठेतरी पट्टी असेल, फोन तिथे अडकला असेल, असं मी स्कूटरवर स्वतःला सांगितलं, आणि घाबरले होते म्हणून मला ते पटलंही.

६

ऑफिसात पोचलो तर भोंगा वाजत होता. आठवी ओळ: शून्य काड्या, बोलतोय, अर्धा तास. साहेबांनी बटण दाबून तो बंद केला.

“माणूस माझ्यासमोर उभा आहे,” ते म्हणाले, “आणि तुझं ॲप म्हणतंय तो खड्ड्यात आहे. मी ऐकू कोणाचं?”

सगळे हसले. दादाही हसला, जरा उशिराने. मीही हसले.

मंगळवारी लंबू आणि आणखी एक जण फोन शोधायला गेले. ते खड्ड्यात होते तेवढा अर्धा तास आठवी ओळ राखाडी होती. खड्डा कोरडा होता, म्हणाले, फोनबिन काही नाही. भिंतीत पट्टीही नाही, मी मुद्दाम विचारलं. ते बाहेर पडले आणि ओळ पुन्हा पांढरी झाली. बोलतोय. त्या फोनची बॅटरी जेमतेम दीड दिवस टिकते. बुधवारी बोलतोय. गुरुवारी बोलतोय.

दादाला नवा फोन आणि बारावी ओळ मिळाली. साहेब रोज म्हणायचे, ती जुनी ओळ काढून टाक, टीव्हीवर घाण दिसते. मी रोज म्हणायचे, उद्या काढते.

दादात तसा काहीच फरक नव्हता. कामावर वेळेवर जायचा, माझी थट्टा करायचा, चहात साखर दोन चमचे. फक्त काही विचारलं की जरा थांबायचा. दोन-तीन सेकंद, जास्त नाही. साहेबांना त्याचं कौतुक वाटलं. म्हणाले, विचार करून बोलायला लागलाय, वय झालं बहुतेक. आणि गाणं बंद झालं होतं. मी दार लावून घ्यायची नाही आता. स्वयंपाकघरात उभी राहून वाट बघायची, की बाथरूममधून ते अर्धवट ‘हं हं’ येईल. यायचं नाही.

आठव्या ओळीवरून फाइली येत होत्या. एकामागून एक, दिवसाला नव्वदेक. पाच दिवस मी त्यांना हात लावला नाही. सरळ सांगते, भीतीने लावला नाही. जोवर ऐकत नाही तोवर हा एक बिघाड होता, आणि घरी चहा पिणारा माझा दादा होता.

शनिवारी ऑफिसला सुट्टी असताना जाऊन मी एक फाइल उघडली. थेंब. बराच वेळ नुसते थेंब. मग कोणीतरी नाक ओढलं, थंडीत कुडकुडताना ओढतात तसं.

“हो,” दादाचा आवाज म्हणाला. दमलेला होता. “हो, ऐकतोय. विचारा.”

७

रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो. खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं. शेजारी कोणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. मी केस मोकळे सोडले होते आणि डाव्या कानात एक छोटा इअरफोन घातला होता. आदल्या दिवशी ऑफिसात बसून मी ॲपमध्ये थेट ऐकायची सोय केली होती. शून्य काड्यांवरून ते ऐकू यायला नको होतं. पण येत होतं. थेंब आणि श्वास.

समोर दादा जेवत होता. घास लहान, नेहमीसारखेच. मला अजूनही वाटत होतं की मी चुकले असेन. मला चुकायचंच होतं. या वेळीही माझ्याच कोडमध्ये चूक निघू दे, असं मी मनापासून म्हणत होते.

“दादा,” मी म्हणाले, “नव्या शाळेत पहिल्या दिवशी मी काय विसरले होते, आठवतं?”

त्याचा हात थांबला. तो माझ्याकडेच बघत होता, पण जरा माझ्या मागे बघितल्यासारखं.

कानात श्वास थांबला. मग दादाचा आवाज आला, घोगरा: “डबा. मी सायकलवर परत गेलो होतो. ती फाटकापाशी रडत उभी होती.”

“डबा,” समोरचा म्हणाला. “सायकलवर परत गेलो होतो मी. फाटकापाशी रडत होतीस.”

आणि हसला. दादाचंच हसू.

घास तोंडात तसाच होता, तो मी कसाबसा गिळला. उठून पळावं असं वाटलं, पण पळून जाणार कुठे? आणि कोणाला टाकून?

“आणि त्याच वर्षी ताप आला होता मला,” मी म्हणाले. आवाज सरळ ठेवायला फार कष्ट पडले. “तेव्हा तू काय शपथ घेतली होतीस?”

समोरचा थांबला. कानात बराच वेळ काहीच नव्हतं. मग दादा म्हणाला, “ते नाही सांगणार.” थेंब. “नाही, ते तिचं आणि माझं आहे.” मग एकदम एक आवाज आला, काहीतरी दुखल्यावर माणूस दात आवळून काढतो तसा. आणि मग, अगदी हळू, दादाने ते सांगितलं.

“तुला कधी एकटी सोडणार नाही,” समोरचा म्हणाला. “हीच ना?”

मी मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही. त्याने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मला आणखी काही विचारायचा धीर नव्हता. माझ्या प्रत्येक प्रश्नाची किंमत खाली कोण देत होतं, ते मला कळलं होतं. पण एक प्रश्न राहिला होता, आणि तो समोरच्याला नव्हता.

“दादा,” मी म्हणाले, “तुला काही हवंय का?”

समोरचा थांबला. पापणीही हलली नाही. बाहेर गाडी धुणाऱ्याने नळ बंद केला, आणि मग फक्त माझ्या कानातले थेंब उरले.

“दिवा,” दादाचा आवाज म्हणाला. “इथे काहीच दिसत नाही. एक दिवा पाहिजे फक्त.” श्वास. आणि मग घाईघाईने, गयावया करत, तसं बोलताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं: “पण तिला सांगू नका. हात जोडतो. सांगितलंत तर ती येईल.”

समोरच्याने ते सगळं नीट ऐकून घेतलं. मग तो माझ्याकडे बघून हसला आणि माझ्या ताटात भाजी वाढली.

“काही नको गं मला,” तो म्हणाला. “तू जेव.”